चष्मा पुसला की हल्ला

आमच्या घरातला बुद्धिबळाचा पट आजोबांच्या वेळचा. ते देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार, आणि तोवर शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येणार. बाबा आंतरराष्ट्रीय नियम शिकून आले आणि मग ‘तुमचे नियम की माझे?’ हे ठरेपर्यंत चहा गार व्हायचा. मला बाबांनी पटापुढे बसवलं १९८३ च्या मे महिन्यात. मी अकरा वर्षांचा होतो.

आम्ही सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं, तेव्हापासून गावाला या खेळाचं वेड. खाडिलकर भगिनींची नावं आम्ही कौतुकाने घ्यायचो. १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंती जिंकल्या, पुढे जयश्री आणि रोहिणीही राष्ट्रीय विजेत्या झाल्या. तोडीस तोड प्रतिस्पर्धी जेवायला शेजारच्याच पाटावर असणं, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं भाग्य वाटतं.

बाबांचा खेळ मी पटावर कमी आणि त्यांच्या चेहऱ्यावर जास्त शिकलो. हल्ला ठरला की ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, आधी डावी काच, मग उजवी. हे ध्यानात यायला मला दोन वर्षं लागली. माझी खोड त्यांना बहुधा पहिल्याच आठवड्यात कळली होती. बऱ्याच वर्षांनी म्हणाले, “तू ज्या बाजूला बघायचं टाळतोस, तिकडे मी लक्ष ठेवतो.”

२०२० च्या टाळेबंदीत मी पुण्यात अडकलो आणि मोबाइलवर शेकडो डाव खेळलो. खेळ सुधारला, हे खरं. पण त्यातला एकही डाव आज आठवत नाही. १९८७ च्या गणपतीत बाबांनी वजीर देऊन केलेली मात मात्र अजून चालीगणिक मांडून दाखवीन.

जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बातुमीत कोनेरू हंपीला हरवून विश्वचषक जिंकली. आईच्या गळ्यात पडून ती रडली, ते आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिलं. मग बाबांनी पट काढायला सांगितला.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा चष्मा गेलाय. हल्ला कधी येणार ते मला आता कळत नाही. त्या संध्याकाळी चौदाव्या चालीआधी त्यांनी अंगठ्याने पटाची कड दोनदा घासली. मी राजा कोपऱ्यात सरकवला.