फांताझिओ : एक नांव, तीन रूपें

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें परवां एक फ्रेंच चित्रकथा पुढें ठेवून विचारलें, "सर, यांतला फांताझिओ आणि आपण सांगितलेल्या संगीत नाटकांतला फांताझिओ एकच काय?" प्रश्न आम्हांस आवडला, म्हणून त्याचें उत्तर येथें देत आहों.

या नांवाच्या मुळाशीं जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ कल्पना, मनांत उभें राहिलेलें चित्र. फ्रेंच कवि आल्फ्रेद द म्यूसे यानें १८३४ सालीं 'फांताझिओ' हें नाटक प्रसिद्ध केलें. युद्ध टळावें म्हणून बव्हेरियाचा राजा आपली कन्या मांतुआच्या मूर्ख राजपुत्रास देऊं करतो. फांताझिओ हा कर्जबाजारी तरुण. सावकारांना चुकविण्यासाठीं तो नुकत्याच वारलेल्या राजविदूषकाचा पोशाख चढवून राजवाड्यांत शिरतो. राजकन्येचे अश्रू पाहून त्याला चैन पडत नाहीं. राजपुत्रानें आपल्या सरदाराशीं कपडे बदललेले असतात. त्या तोतयाच्या डोक्यावरील केसांचा टोप फांताझिओ गळ टाकून उचलतो! लग्न मोडतें, आणि विदूषक तुरुंगांत जातो.

याच कथेवर जाक ओफनबाख यानें संगीत रचलें. आपल्या संगीत नाटकाप्रमाणें यांतही गाण्यांमध्यें गद्य संभाषणें असतात. नायकाची भूमिका सेलेस्तीन गाली-मारिये या गायिकेनें केली. पुढें १८७५ त 'कार्मेन'ची पहिली नायिकाही तीच झाली. प्रयोग पॅरिस येथें १८ जानेवारी १८७२ रोजीं झाला. परंतु १८७०-७१ च्या युद्धांत फ्रान्स जर्मनांकडून पराभूत झाला होता, आणि ओफनबाखचा जन्म कोलोन शहरचा. तो कित्येक वर्षें पॅरिसकर होऊन राहिला होता, तरी लोकांच्या मनांत अढी बसली. सुमारें दहा प्रयोगांनंतर नाटक बंद पडलें. युद्ध टाळूं पाहणाऱ्या विदूषकाची कथा युद्धाच्या द्वेषानेंच झांकोळली! विखुरलेलें संगीत पुन्हां जुळवून २०१३ सालीं लंडनमध्यें तें गाइलें गेलें.

दुसरें संगीत नाटक एथेल स्मिथ या इंग्रज विदुषीचें. तेंही म्यूसेच्याच कथेवर असून १८९८ सालीं जर्मनींतील वायमार येथें रंगभूमीवर आलें. स्त्रीनें रचलेलें असें नाटक रंगभूमीवर येणें त्या काळीं विरळाच.

आतां चित्रकथेंतील फांताझिओ. 'स्पिरू' हें साप्ताहिक बेल्जममध्यें १९३८ सालीं निघालें. जर्मन अंमलांत, १९४३ मध्यें, तें बंद पाडण्यांत आलें. देश मुक्त झाल्यावर १९४४ सालीं तें पुन्हां सुरू झालें. त्याच वर्षीं जिजे या चित्रकारानें नायक स्पिरूच्या जोडीला फांताझिओ आणला. १९४६ पासून फ्रांकें यानें त्यांच्या कथा चालविल्या. हा फांताझिओ व्यवसायानें वार्ताहर, स्वभावानें तापट, पण मित्रासाठीं संकटांत उडी घेणारा. पाठीला बांधून उडण्याचें 'फांताकॉप्टर' नांवाचें यंत्रही त्याचेंच!

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यास उत्तर असें : दोन्ही संगीत नाटकांतील फांताझिओ एकच; चित्रकथेंतील निराळा. तथापि दोघांत एक गुण सारखा आहे. दोघेही हंसें ओढवून घेतात, पण वेळ आली म्हणजे दुसऱ्यासाठीं स्वतःचें कांहीं पणास लावतात. वर्गांतील विनोदी मुलास आपण सहज उडाणटप्पू म्हणतों. त्याच्या हंसण्यानें कोणाचे अश्रू पुसले जातात, हें पालकांनीं आणि आम्हां शिक्षकांनींही एकवार पाहावें.