जुन्या बंदुकीचा दस्ता : तो उजळावा कसा व कोठवर

जुनीं दप्तरें ज्या घरांतून मिळतात, त्याच घरांतून पुष्कळदां एखादी तलवार, एखादा दांडपट्टा आणि माळ्यावर घोंगडींत गुंडाळून ठेवलेली छऱ्याची बंदूकहि निघते. तलवारीकडे संशोधकांचें लक्ष जातें. बंदूक मात्र परदेशी व अलीकडची म्हणून उपेक्षिली जाते. मग घरमालक तिचा काळवंडलेला दस्ता सुताराकडून तासून घेतो व त्यावर चकचकीत व्हार्निश देऊन ती दिवाणखान्यांत टांगतो. या उजळणींत काय नष्ट होतें, आणि दस्ता खरोखरच स्वच्छ करावयाचा असल्यास तो कसा करावा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे. विवेचनासाठीं आम्ही इंग्लंडांत घडलेली दुनळी शिकारी बंदूक घेतली आहे.

अशा बंदुकीच्या नळीच्या बुडाशीं चाचणीचे ठसे असतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची. बर्मिंगहॅमचें चाचणीगृह १८१३ च्या कायद्यान्वयें स्थापन झालें. हे ठसे वेळोवेळीं बदलत गेल्यामुळें नळीचा काळ बहुधा ठरवितां येतो. तेथें '१२' हा आंकडा दिसल्यास तो अनुक्रमांक समजूं नये. नळींत बरोबर मावणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडांत बारा भरतात, एवढाच त्याचा अर्थ. परंतु धातु जें सांगतो तें कारखान्याचें. बंदूक कोणाच्या हातीं होती हें सांगणारा पुरावा लांकडावर असतो. दस्ता किंचित् उजवीकडे वळविलेला असल्यास ती उजव्या खांद्याला लावणाऱ्यासाठीं घडविलेली. मुठीजवळ जाळीदार कोरीव काम असतें, तें कोठें झिजलें आहे त्यावरून धरण्याची संवय कळते. आणि दस्त्याच्या पोटाशीं बसविलेल्या लहानशा चांदीच्या पत्र्यावर कधीं कधीं धन्याचीं आद्याक्षरेंहि असतात.

आमच्या माहितीच्या एका घराण्यांत अशी एक बंदूक आहे. ती पणज्याला बक्षीस मिळाली असें एक शाखा म्हणते. ती मागाहून लिलावांत घेतली असें दुसरी. दप्तरांत बक्षिसाचें एक पत्र आहे, पण त्यांत 'बंदूक एक' यापलीकडे वर्णन नाहीं. घरांतील एका वृद्ध बाईंच्या आठवणीप्रमाणें दस्त्याच्या तळाशीं खिळ्यानें कोरलेलीं मोडी अक्षरें होतीं व लहानपणीं त्या त्यांवरून बोट फिरवीत. तीं अक्षरें उपलब्ध असतीं तर पत्रांतील बंदूक हीच कीं दुसरी, याचा निर्णय होण्याजोगा होता. बंदूक आमच्यापुढें आली तेव्हां दस्ता आरशासारखा गुळगुळीत झालेला होता. तिरप्या उजेडांत, भिंगाखालीं, सर्व बाजूंनीं पाहिला. एक रेघहि उरली नव्हती. वाद आहे तेथेंच आहे.

पोथ्यांच्या संग्राहकांस हें निराळ्या रीतीनें सांगतां येईल. लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावी व वर दुसरें अक्षर लिही. त्या पिवळ्या थराखालचें मूळ अक्षर पुष्कळदां वाचतां येतें, व पाठनिर्णयाला तें उपयोगीं पडतें. सुताराच्या कांचकागदाखालीं मात्र मागचा पाठ मुळींच शिल्लक राहत नाहीं. शिवाय, चांगला कारागीर लांकूड लोखंडाच्या सांध्यापाशीं केसभर उंच ठेवी. तें घांसलें कीं लोखंड वर येतें व कडा बोथट होतात. हा दोष पुढें कोणत्याहि उपायानें भरून निघत नाहीं.

आतां कृति. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणत्या मनुष्याकडून करून घ्यावी. ठासणीच्या जुन्या बंदुकींत कित्येक पिढ्यांपूर्वींचा बार तसाच आढळतो. १९५९ च्या शस्त्र-कायद्याखालीं तिचा परवाना आहे किंवा कसें, तेंहि पाहावें. (शंभर वर्षांवरील वस्तु १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरते, हस्तलिखितांस पंचाहत्तर वर्षें पुरतात. पोथ्या लवकर म्हाताऱ्या होतात असें सरकारचेंहि मत दिसतें.) नंतर तिरप्या उजेडांत छायाचित्रें घ्यावीं, आणि जेथें कोरलेलें कांहीं असेल तेथें पातळ कागद ठेवून पेन्सिलीनें ठसा घ्यावा. स्क्रू काढावे लागल्यास ज्याचा तो त्याच छिद्रांत परत बसेल अशा बेतानें क्रमवार मांडावे.

दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. संस्कृतांतील अक्षोट तो हाच. त्याला मूळ हात तेलाचा आहे कीं लाखेचा, हें खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या पट्टीखालीं, जेथें दिसणार नाहीं अशा जागीं, स्पिरिटचा बोळा लावून पाहावें. लाख विरघळते, वाळलेलें जवसाचें तेल सहसा विरघळत नाहीं. यावर पुढील सर्व अवलंबून आहे. तेलाच्या दस्त्यावरील मळ टर्पेंटाइनमध्यें भिजविलेल्या मऊ फडक्यानें हलक्या हातानें पुसावा, जाळींतला मऊ ब्रशानें काढावा. पुष्कळ वेळां एवढ्यानेंच खालचा तपकिरी रंग व काळ्या शिरा दिसूं लागतात, आणि मग आणखी कांहीं करण्याचें कारण उरत नाहीं. लोखंडालगतचा भाग यंत्राचें तेल मुरून काळा पडला असेल, तर खडूची वस्त्रगाळ पूड अॅसिटोनमध्यें कालवून लेप द्यावा. वाळतांना ती तेल शोषून घेते. दिवा-विस्तव जवळ नसावा.

खोंचे दोन प्रकारचे. जेथें लांकूड नुसतें दबलें आहे, तेथें ओलें फडकें ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकविल्यास वाफेनें तंतु फुगून वर येतात. जेथें लांकूडच गेलें आहे, तेथें या उपायाचा उपयोग नाहीं. लाखेवर वाफ मुळींच देऊं नये. ती पांढरी पडते. आमच्या मतें जुना खोंचा राहूं द्यावा हेंच बरें.

शेवटीं तेल. जवसाला संस्कृतांत अतसी, उमा, क्षुमा अशीं नांवें आहेत, आणि क्षुमेच्या सुताचें वस्त्र तें क्षौम. हें तेल उडून जाऊन वाळत नाहीं; हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें, म्हणून त्याला वेळ लागतो. लाली हवी असल्यास त्यांत रतनजोतीचें मूळ भिजत घालावें. त्याचा रंग पाण्यांत न उतरतां तेलांत उतरतो. इंग्रज कारागीरहि त्याच वर्गांतील अल्कॅनेटचें मूळ वापरीत. बोटावर थेंबभर घेऊन तळहाताच्या उबेनें चोळावें, उरलेलें पुसून टाकावें व पूर्ण वाळल्यावांचून दुसरा हात देऊं नये. आठवडे लागतात, पावसाळ्यांत त्याहूनहि अधिक. तेलाचीं फडकीं चुरगळून टाकूं नयेत. तेल वाळतांना उष्णता उत्पन्न होते व तीं आपोआप पेट घेतात. पाण्यांत भिजवावीं किंवा उघड्यावर पसरून वाळवावीं.

काय काढलें, काय लावलें व कोणत्या दिवशीं, याची नोंद संग्रहाच्या वहींत करावी. बंदूक पुन्हां घोंगडींत गुंडाळूं नये, लोकर ओल धरते. आणि उभी ठेवावयाची असल्यास नळीचें तोंड खालीं असावें, म्हणजे नळीला लावलेलें तेल लांकडांत उतरत नाहीं.