उपदेश नाकारला, छापखाना घेतला

वरळी, माहीम ही बेटे पोर्तुगीजांच्या अमलाखाली असताना ख्रिस्ती धर्म राजसत्तेच्या जोडीने आला, आणि दादरचे 1596 मध्ये स्थापन झालेले पोर्तुगीज चर्च ही त्या काळाची खूण आहे. 12 फेब्रुवारी 1813 रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा मात्र त्यांना पहिला विरोध झाला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचाच; धर्मात ढवळाढवळ झाली तर व्यापाराला धक्का बसेल, या धास्तीने त्यांना परत धाडण्याचे हुकूम निघाले. अर्जविनंत्या करून ते कसेबसे टिकले आणि त्यांच्या प्रयत्नांतून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले.

या मिशनचे स्वागत मुंबईकरांनी कसे केले, याचे उत्तर बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा जलसंस्कार, घेणाऱ्यांच्या मोजक्या संख्येत शोधणे अपुरे ठरते. ते मिशनच्या छापखान्यात अधिक स्पष्ट दिसते. 1816-17 मध्ये सुरू झालेला हा छापखाना पाहून गणपत कृष्णाजी या भंडारी गृहस्थांनी स्वतःचे यंत्र आणि शाई सिद्ध केली व 1831 मध्ये मराठी पंचांग छापले. छापील कागदाला हात लावायलाही काही सनातनी कचरत, कारण शाईत चरबी असल्याचा संशय होता. त्यावर तुपात कालवलेल्या शाईने धर्मग्रंथ छापण्याची तोड निघाली. याच मिशनच्या छापखान्यात पोरवयात टाइप घासणाऱ्या जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याचे नाव संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, देखण्या छपाईसाठी देशभर झाले. धर्मप्रसारासाठी आणलेल्या यंत्रावर तयार झालेला हात काव्यशास्त्राच्या कामी यावा, हे मिशनरींच्या हिशेबात खासच नसावे.

शाळांच्या बाबतीत व्यवहार इतका सरळ राहिला नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले, त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि 1832 मधील विल्सन यांच्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज घडले. मुलाला इंग्रजी यावे म्हणून पालक त्याच्या धर्मांतराची जोखीम पत्करत, पण 1839 मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेताच पारशी विद्यार्थी शाळेतून भराभर काढले गेले. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहिला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात जाऊन मुलाचा ताबा मिळवला. तरीही मिशनरींच्या घरी राहिलेल्या मुलाला जात परत घेईल का, हा प्रश्न उरलाच. ‘दर्पण’ या वृत्तपत्राचे कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त, म्हणजे दोषनिवारणाचा विधी, देऊन त्याला परत घ्यावे अशी बाजू घेतली आणि त्यांनाही कर्मठांचा रोष सोसावा लागला. मिशनरींशी सुरू झालेला झगडा अशा रीतीने हिंदू समाजाच्या आपसातल्या भांडणावर येऊन ठेपला, आणि या प्रकरणाचे खरे महत्त्व तेथेच आहे.

पुढे मिशनरींची उघड्यावर उपदेश करण्याची रीतच त्यांच्यावर उलटवली गेली. 1857 च्या जानेवारी ते मे या काळात हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी जाहीर वादसभा घेतल्या. त्यांत समोर जॉर्ज बोवेन होते, म्हणजे मिशनचे वेतन नाकारून बाजारवस्तीत साधेपणाने राहणारे अमेरिकन मिशनरी. या प्रश्नोत्तरांचा वृत्तांत बोवेन यांनी इंग्रजीत छापला आणि मराठीतही त्याचे पुस्तक निघाले, तर बावांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ हा ग्रंथ 1859 मध्ये आला. या वादात धर्मांतराचा अडसर व्याख्यान आणि छापील पुस्तक या मिशनरी साधनांनीच उभा केला गेला.

विसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या कामाचा रोखही बदलला. 1920 च्या दशकात मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्याच्या दाट कामगारवस्तीत, सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी, नागपाडा नेबरहूड हाऊस हे सेवाकेंद्र सुरू केले. समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा संस्था तेथेच 1936 मध्ये सुरू झाली आणि आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच.