काम मागितलं, पण पोच घेतली का?



सोयाबीन निघालं की शेतातली कामं आटपतात आणि गटाच्या बैठकीत एकच विषय: रोजगार हमीचं काम कधी निघणार? यंदा एका गावात अकरा जणींनी मला धरलं. "मॅडम, अर्ज देऊन महिना झाला. काम नाही तर भत्ता मिळतो म्हणता, मग आमचा कुठाय?" मी म्हटलं, पोच दाखवा. एकीकडेही नव्हती. चूक त्यांची नाही, माझी. अर्ज भरायला मीच बसले होते आणि "दिला ना, झालं" म्हणून पुढच्या गावाला निघून गेले होते.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने ठरवलं की मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे त्या आर्थिक वर्षात किमान निम्मा. २०२४-२५ मध्ये आपली मजुरी रोज २९७ रुपये होती, म्हणजे भत्ता आधी ७४ रुपये २५ पैसे, मग १४८ रुपये ५० पैसे. फार नाही. पण हा पैसा राज्य सरकारला द्यावा लागतो, त्यामुळे भत्ता मागितला की कामच लवकर निघतं, असा माझा अनुभव.

गोम तारखेत आहे. १५ दिवस अर्ज पोचल्यापासून मोजतात (पुढची तारीख टाकून काम मागितलं असेल तर त्या तारखेपासून). पोच नसली की काम निघेल त्या दिवशीच कॉम्प्युटरवर मागणी चढवता येते. मग कागदावर तुम्ही एक दिवसही बेकार नव्हता!

आम्ही परत नमुना ४ भरला, दोन प्रतींत. "साहेब आले की पोच देतो," असं उत्तर आलं. एक मावशी म्हणाल्या, "येऊ द्या की. आम्ही शेंगा सोलायला आणल्यात." दुपारी तीनला सही, शिक्का, तारीख मिळाली. बाराव्या दिवशी मस्टर निघालं. अकरातल्या दोघी मात्र तोवर उचल घेऊन ऊसतोडीला गेल्या होत्या, लेकरांसकट.

ग्रामपंचायत अर्जच घेत नसेल तर तालुक्याला कार्यक्रम अधिकाऱ्याकडे द्या, आपल्याकडे ते तहसीलदार असतात. भत्त्याची लेखी तक्रारही तिथेच. ती रजिस्टरला चढवून सात दिवसांत निकाली काढायची असते, म्हणून तिचीसुद्धा पोच घ्या. आणि एक: काम निघाल्याचा निरोप आल्यावर १५ दिवसांत हजर झालं नाही किंवा महिन्यात आठवड्यापेक्षा जास्त खाडे झाले, तर तीन महिने भत्ता मागता येत नाही.

मजुरी अडकते तेव्हा प्रकार वेगळा. मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत ती मिळायला हवी, पुढे रोज ०.०५ टक्के भरपाई. २०२४-२५ च्या दराने सहा दिवसांच्या १,७८२ रुपयांवर रोज ८९ पैसे होतात. हसू नका, हक्काचे आहेत. पण भांडायला जाण्याआधी खातं बघा. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधार जोडलेल्या खात्यातच जाते, आणि शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं त्यात. लाडकी बहीणसाठी पोस्टात नवं खातं काढून तिथे आधार जोडलं असेल, तर जुन्या पासबुकात कितीही वेळा एन्ट्री मारली तरी काही दिसणार नाही. अशा तिघींचे पैसे आम्हाला पोस्टात सापडले. बँकेत "केवायसी झालंय" म्हणाले म्हणून निर्धास्त होऊ नका. मजुरीसाठी आधार याच खात्याला जोडलंय का, असं स्पष्ट विचारा.

पुढच्या बैठकीला जॉबकार्ड आणि सगळी पासबुकं आणा. किती दिवस भरले आणि कार्डावर किती चढले, ते बसून ताडून बघू.