जुन्या कागदांतील सैन्यसंख्या व तिची पारख

मोडी रुमाल सोडून बखरी व कैफियती वाचणाऱ्या संग्राहकांपुढें जे प्रश्न वारंवार उभे राहतात, त्यांत फौजेच्या संख्येचा प्रश्न फार जुना व फार घोटाळ्याचा आहे. मिति चुकली तर पंचांग लावून ती सुधारतां येते. नांव चुकलें तर दुसऱ्या पत्रावरून तें सांपडतें. परंतु लक्ष फौज चालून आली असें वाक्य आढळलें म्हणजे तें तपासण्यास हाताशीं माप नसतें. मग एक तर आंकडा जसाच्या तसा छापला जातो, नाहीं तर बखरकाराची अतिशयोक्ति असा शेरा मारून सबंध कागदच बाद केला जातो. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सारखेच घातक होत. आंकड्याचीहि पारख करितां येते, व ती साध्या त्रैराशिकानें करितां येते, हें ठाणें-कल्याण प्रांतांतील एका प्रसिद्ध मोहिमेवरून दाखवावें असा या लेखाचा हेतु आहे.

(१) हा रोग आपल्याच बखरींना जडला आहे अशी कित्येकांची समजूत असते. ती खरी नव्हे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इ. स. पूर्वी ४८० मध्यें इराणचा बादशहा झर्क्सीस याने ग्रीसवर केलेल्या स्वारीचें वर्णन केलें आहे. थ्रेस देशांतील डोरिस्कस येथें झालेल्या मोजणींत पायदळ १७,००,००० व घोडेस्वार ८०,००० भरले असें तो सांगतो. मोजणीची रीतहि तो देतो. १०,००० माणसें दाटीनें उभीं करून त्यांच्याभोंवतीं वर्तुळ आंखलें, त्यावर कंबरभर भिंत घातली, आणि तें आवार पुनःपुनः भरून रिकामें केलें. पुढें आरमारावरील लोक व वाटेंत मिळालेले लोक धरून लढवय्यांची संख्या तो २६,४१,६१० करितो, आणि नोकरचाकर तितकेच मानून एकंदर बेरीज ५२,८३,२२० वर नेतो.

शेवटच्या दहापर्यंत नेमका दिसणारा हा आंकडा पाहून वाचक भारावतो. पण जर्मन इतिहासकार हान्स डेलब्रुक याने रस्त्याचें माप लाविलें. ३०,००० सैनिकांची एक जर्मन कोर रस्त्यानें चालूं लागली कीं सुमारें १४ मैल जागा व्यापते. त्या हिशेबानें हिरोडोटसाच्या फौजेचें तोंड थर्मापिलीच्या खिंडीपाशीं पोंचलें असतां शेंपूट तैग्रिस नदीपलीकडे सूसा शहरांतून निघत असावयाचें. पुढें १९३० सालीं सर फ्रेडरिक मॉरिस या सेनापतीनें त्याच मार्गावरील नद्यांच्या पाण्याचा हिशेब करून माणसें २,१०,००० व जनावरें ७५,००० हून अधिक असणें शक्य नाहीं असें ठरविलें. अर्वाचीन अभ्यासकांपैकीं पुष्कळजण याच्याहि बरेंच खालीं उतरतात. येथें ध्यानांत धरण्याची गोष्ट ही कीं, या दोघांनीं हिरोडोटसास लबाड ठरवून टाकून दिलें नाहीं. मार्ग, मुक्काम, नद्या यांची माहिती त्यांनीं बव्हंशीं त्याच्यापासूनच घेतली. केवळ त्याची संख्या त्याच्याच भूगोलाशीं ताडून पाहिली.

(२) संस्कृत ग्रंथांची संवय असणारास यांत नवल वाटूं नये. महाभारताच्या आदिपर्वांत अक्षौहिणीचें मान दिलें आहे. रथ २१,८७०, हत्ती २१,८७०, घोडे ६५,६१०, पदाति १,०९,३५०. चारी अंगांची बेरीज २,१८,७०० होते, आणि अठरा अक्षौहिणींची ३९,३६,६००. हे आंकडे कोठून आले तें त्याच प्रकरणांत उघड आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पांच पदाति मिळून एक पत्ति. पत्तीपासून सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी अशा सात पायऱ्या प्रत्येकीं तिपटीनें चढावयाच्या, आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे रणांगणावर कोणी शिरगणती करून ही संख्या काढिली नसून ती गुणाकारानें सिद्ध झाली आहे. तिला खोटी म्हणण्यांत अर्थ नाहीं. ती व्यूहाची परिभाषा आहे, हजेरी नव्हे. निघंटूंत तर शत व सहस्र हे शब्द 'बहु' या अर्थाच्या नामांतच घातले आहेत. तेव्हां जुन्या लेखांत सहस्र शब्द दिसला म्हणजे दहा वेळां शंभर असाच अर्थ घेणें हें व्याकरणाला धरून असलें तरी भाषेच्या वहिवाटीला धरून नाहीं.

ठाण्याच्या मंडळीस जवळचें उदाहरण शिलाहारांच्या ताम्रपटांचें आहे. श्रीस्थानक म्हणजे आजचें ठाणें येथून राज्य करणाऱ्या या राजांच्या लेखांत कोंकण चौदाशें ग्रामांचें म्हणून येतें. पिढ्यान्‌पिढ्या राज्याची सीमा हालली तरी चौदाशें हा आंकडा हालत नाहीं. कारण तो प्रांताच्या नांवाचाच भाग झाला होता.

(३) फारशी व मराठी दप्तरांत याचेंच दुसरें रूप दिसतें. मोंगल मनसबदार पंचहजारी असला म्हणजे त्याच्यामागें पांच हजार घोडे उभे होते असें नव्हे. मनसबेंत जात व स्वार असे दोन आंकडे असत. पहिल्यावर दर्जा व खासगी नेमणूक ठरे, दुसऱ्यावर घोडदळ. शहाजहानच्या वेळीं तर आपल्या जहागिरीच्याच सुभ्यांत चाकरी करणारानें स्वारसंख्येचा तिसरा हिस्सा, व इतरत्र करणारानें चौथा हिस्सा हजर ठेवावा असा नियम होता. आपल्याकडील सरंजामाची गोष्ट फार निराळी नाहीं. सरंजाम अमुक स्वारांचा लिहिलेला असे, परंतु गणतीच्या वेळीं तितके घोडे भरतीलच असा भरंवसा पेशव्यांच्या कारकुनांसहि नसे. तात्पर्य, अस्सल दप्तरांतील आंकडाहि नेमणुकीचा आहे कीं हजेरीचा, हें आधीं पाहिलें पाहिजे.

(४) आतां आमच्या प्रांताकडे वळूं. इ. स. १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली, आणि चिमाजीआप्पांच्या नेतृत्वाखालीं चाललेली ही मोहीम १६ मे १७३९ रोजीं वसईच्या तहानें संपली. फेब्रुवारी ते मे १७३९ या अखेरच्या वेढ्यांतील मराठी फौजेचें मान पायदळ ४०,०००, घोडदळ २५,०००, सुरुंगी सुमारें ४,०००, उंट ५,०००, हत्ती ५० आणि साष्टीची कुमक मिळून सारी संख्या लाखाच्या घरांत, असें इंग्रजी ग्रंथांतून उतरत आलें आहे. हे आंकडे नित्य छापले जातात. त्यांचें त्रैराशिक मांडलेलें मात्र क्वचित् आढळतें.

प्रथम रस्ता पाहूं. २५,००० घोडे दोन-दोनांच्या ओळींनीं चालविले व दर ओळीस ४ यार्ड जागा धरिली, तर १२,५०० ओळींस ५०,००० यार्ड, म्हणजे अठ्ठावीस मैलांहून अधिक लांबी होते. ठाणें ते कल्याण हें अंतर आगगाडीच्या मार्गानें साडेबारा मैलांच्या आसपास आहे. अर्थात् पहिला स्वार ठाण्याच्या खाडीवर आला असतां मधला डोंबिवली व कल्याण ओलांडीत असेल, आणि शेवटचा वांगणीच्या आसपास असेल. यांत पायदळ, तोफा व बाजारबुणगे धरलेले नाहींत. फौज एकाच वाटेनें व एकाच दिवशीं जात नसे हें आम्हांस मान्य आहे. परंतु मग ती कोणत्या वाटांनीं व किती मुक्कामांनीं गेली याचा पत्रांतून माग लागला पाहिजे.

दुसरें माप दाण्याचें. घोड्यास रोज ४ शेर दाणा धरूं. २५,००० घोड्यांस १,००,००० शेर, म्हणजे ४० शेरांच्या मणानें २,५०० मण. माणसीं १ शेर धान्य धरिल्यास लाख माणसांस आणखी २,५०० मण. रोजचे ५,००० मण. बैलामागें ३ मण ओझें धरिलें तर दररोज सुमारें १,६६७ बैल वसईपुढें रिकामे झाले पाहिजेत. तीन महिन्यांचे होतात ४,५०,००० मण. उंट, हत्ती व स्वतः त्या बैलांची वैरण यांत आलेली नाहीं. थळकोंकणचें मुख्य पीक भात. घोड्याचा हरभरा बहुतांशीं बोरघांट, नाणेघांट, माळशेज यांनींच उतरावयाचा. तो कल्याण बंदरीं आल्यावर खाडीनें होड्यांतून नेणें बैलांपेक्षां सोपें, व १७३७ नंतर ठाणें हातीं असल्यामुळें तें शक्यहि झालें होतें. म्हणून मोठी फौज अशक्य होती असें आमचें म्हणणें नाहीं. वसईच्या तीन बाजूंस पाणी असून जमिनीवरचा हल्ला उत्तरेकडूनच होऊं शके. सुरुंग खणणें, मोर्चे बांधणें, ओझीं वाहणें यांस माणूसबळ पुष्कळच लागलें असणार. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, लाख ही संख्या खरी धरावयाची तर ती छावणींतील एकूण माणसांची धरावी. लाख लढवय्ये होते असें म्हणणारानें रोजच्या ५,००० मणांची वाट दाखवावी.

याच वेढ्याचा दुसरा आंकडा अधिक विश्वासाचा वाटतो. मराठ्यांचे ठार व जखमी मिळून ५,००० हून अधिक माणूस खर्ची पडलें ही गोष्ट त्यांच्याच कबुलीनें नमूद झाली आहे. पोर्तुगिजांची हानि सुमारें ८०० सांगतात. विजयी पक्षानें आपली हानि शत्रूच्या सहापट कबूल करावी यांत बढाईचा हेतु दिसत नाहीं. लिहिणाराच्या अभिमानाविरुद्ध जाणारी संख्या सहसा खरी असते.

(५) तुलनेसाठीं त्याच ठाण्याचा पुढचा प्रसंग घ्यावा. २८ डिसेंबर १७७४ रोजीं इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. जनरल गॉर्डन याच्या हाताखालीं तोफखान्यासह गोरे ६२०, शिपाई १,००० व तोफांचे लष्कर २०० होते, एकूण १,८२०. या आंकड्याविषयीं वाद होत नाहीं, कारण तो पगारपत्रकाचा आहे. प्रत्येक माणसामागें कोणाला तरी पैसे मोजावे लागले होते. पानिपतचेंहि असेंच. बखरी लक्षांच्या भाषेंत बोलतात. पण सुजाउद्दौल्याच्या चाकरींतील काशीराज पंडित सरदारवार फौज मांडून मराठ्यांचे स्वार ५५,००० व पायदळ १५,०००, आणि अबदालीचे स्वार ४१,८०० व पायदळ ३८,००० देतो. सर जदुनाथ सरकार यांनीं मराठ्यांकडील लढाऊ फौज याहूनहि कमी धरिली आहे. मग बखरींतील लाखांचें काय करावें? त्यांत यात्रेकरू, बायकामुलें, व्यापारी, बुणगे असा सारा गोट आहे. रणांत किती लढले याला बखर पुरावा नव्हे. किती घरांत सुतक आलें याला ती पुरावा आहे, व तोहि इतिहासच होय.

(६) यावरून संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी थोडक्यांत अशा. संख्या मोजलेली, नेमलेली कीं गुणाकारानें आलेली हें पाहावें. लिहिणारा कोणत्या पक्षाचा व प्रसंगानंतर किती वर्षांनीं लिहितो तें टिपावें. स्वार, पायदळ व बुणगे हे वेगळे आहेत कीं एकत्र, याची नोंद करावी. नक्कल करितांना मूळचा आंकडा मूळच्याच रूपांत उतरावा. तो अशक्य वाटला तरी सुधारूं नये, शंका असेल ती बाजूस लिहावी.

आणि शेवटची, आमच्या दृष्टीनें सर्वांत निकडीची. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड काढून बखरीपेक्षां पत्राची थोरवी महाराष्ट्रास पटविली. त्यामुळें पत्रें तरी जतन होऊं लागलीं. परंतु ठाणें, कल्याण, भिवंडी, वसई या बाजूच्या जुन्या घरांतून रुमाल निघाला म्हणजे बखर व सनद ठेवून घेतात, आणि दाण्यागवताचे, नावभाड्याचे, बैलांच्या वेठीचे बंद रद्दी म्हणून टाकून देतात, ही चाल अजून मोडलेली नाहीं. वसईपुढें किती घोडा होता याचें उत्तर मिळालें तर तें अशाच बंदांतून मिळेल. कल्याण बंदरीं उतरलेल्या हरभऱ्याची एका महिन्याची यादी हातीं आली तर ती दहा बखरींचा वाद मिटवील. तरी ज्यांच्या घरीं असे बंद असतील त्यांनीं ते फाडण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या मोडीवाचकास दाखवावे, अशी आमची विनंति आहे.