चाचणी फुकट, गोळी फुकट. मग माणूस गळतो कुठे?

अमरावतीचं इर्विन रुग्णालय असो की अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, एचआयव्हीची चाचणी आणि औषध दोन्हीकडे मोफत. गोळ्या तर सरकार 2004 पासून देतं. तरी पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष मध्येच कुठेतरी गळतो.

पहिली अडचण दारावरच. आयसीटीसीच्या, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्राच्या, पाटीखाली बसायचं, तर ‘कोनी पाह्यलं तं?’ म्हणून अकोल्याचा माणूस अमरावती गाठतो आणि अमरावतीचा अकोला. चाचणी साधीच: बोटातून वा शिरेतून रक्त, अर्ध्या तासात निकाल. पॉझिटिव्ह आला, तर वेगवेगळ्या किटवर आणखी दोनदा तपासून मगच शिक्कामोर्तब. मात्र लागण ताजी असेल तर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा यावं लागतं. शंभर किलोमीटरवरून चोरून आलेला गडी दुसऱ्यांदा येणं कठीणच.

खरी गाठ समुपदेशकाच्या टेबलापाशी बसते. ‘संबंध कुणाशी?’ या प्रश्नावर लग्न झालेला माणूस सांगतो, ‘बाहेर एक बाई होती.’ लागण निघाली की बायकोला तपासायला बोलावतात, ते योग्यच. पण त्याचा पुरुष जोडीदार यादीत येतच नाही. सल्लाही अर्धवट मिळतो. गुदमैथुनात धोका कितीतरी जास्त, कंडोमसोबत पाण्यावर आधारित वंगण हवं, खोबरेल तेलाने कंडोम फाटतो, हे त्याला कोण सांगणार? त्याला खोटारडा ठरवणं सोपं आहे. पण 6 सप्टेंबर 2018 पर्यंत कलम 377 खाली हे संबंध गुन्हाच होते, आणि कायदा बदलला म्हणून वाडी-वस्ती बदलत नाही.

पुढे एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणारं केंद्र. इथे ओळखपत्र आणि पत्ता लागतो, नि नेमका पत्ताच त्याला द्यायचा नसतो. गोळी रोज एकच. नेमाने घेतली तर रक्तातला विषाणू मोजणीत सापडेनासा होतो, आणि मग संबंधातून लागण होत नाही. पण सुरुवातीला दर महिन्याला खेप; हमालाची किंवा वेटरची त्या दिवसाची मजुरी बुडते. धारणीहून यायचं तर घाट उतरून परतवाड्यामार्गे दिवसच जातो.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला किंवा निकाल फोडायला मनाई केली आहे. कामासाठी पुण्याला वा सुरतेला जाणाऱ्याला केंद्रातून बदलीचं पत्र मिळतं. ते दाखवलं की गोळ्या तिथे सुरू राहतात. नाव न सांगता विचारायचं असेल, तर 1097 हा फोन फुकट आहे.