काटा किती खरा?

जूनमध्ये चँडलरला मोटरसायकल खोलायची तर पहाटे पाचला पाना हातात घ्यावा लागतो. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. सव्वापाच-साडेपाचला लख्ख उजाडतं आणि नऊनंतर गॅरेजच्या पत्र्याच्या दाराला हात लावायची सोय उरत नाही. शेजारच्या फीनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या, खाली आलं नव्हतं. त्यातून इथल्या बऱ्याच वसाहतींना घरासमोर गाडी उघडी पाडून बसलेला माणूस चालत नाही. मग कार बाहेर, दार अर्धं खाली, टेबलफॅन जमिनीवर आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुचाकी स्टँडवर.

इंटेलचा ओकोटिलोचा कारखाना आणि भोवतीचे चिपउद्योग यांच्यामुळे या गावात मराठी घरं बऱ्यापैकी आहेत. अशाच एका घराच्या गॅरेजात शनिवारी काका-पुतणे कामाला बसतात. पुतण्याची केटीएम ३९० ड्यूक. कंपनी ऑस्ट्रियन, पण गाडी बनली पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. काकांची १९८० सालची जपानी गाडी, पुतण्यापेक्षा वयाने मोठी. डीलरकडे मजुरी तासाला शंभर डॉलरच्या पुढे जाते हे घरी काम करण्याचं एक कारण. पण तेवढंच असतं तर त्यांनी नुसतं तेल बदलून भागवलं असतं. नट आपण आवळला आहे हे माहीत असलं की शंभरच्या वेगात मन शांत राहतं, असं काकांचं म्हणणं.

आज चेन. जुलैपासून इथे पावसाळी वादळं सुरू होतात आणि पावसाच्या आधी धूळ येते. ५ जुलै २०११ ला तर मैलभर उंचीची धुळीची भिंत अख्ख्या फीनिक्स परिसरावरून गेली होती. ती बारीक वाळू चेनवरच्या वंगणात मिसळली की तिची कानस होते. पुतण्या चाक हाताने फिरवतो. इंजिन बंद आणि किल्ली खिशात, हा या गॅरेजचा पहिला नियम. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनवर फडकं धरणाऱ्याचं बोट स्प्रॉकेटमध्ये जायला निमिषही लागत नाही. रॉकेलमध्ये बुडवलेला नायलॉनचा ब्रश चालतो. तारेचा ब्रश आणि पेट्रोल वर्ज्य. चेनच्या सांध्यासांध्यात रबराच्या बारीक कड्या असतात, त्या आतलं ग्रीस धरून ठेवतात. त्या गेल्या की चेन वरून चकचकीत दिसते आणि आतून कोरडी पडते. फडक्यावर उतरतो तो नुसता काळा चिखल नसतो, त्यात वाळवंटाची तांबूस झाक असते.

मग ताण. दोन स्प्रॉकेटच्या मधोमध खालची बाजू बोटाने वर-खाली करायची आणि पट्टीवर मोजायची. चाक थोडं फिरवून पुन्हा मोजायची, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते.

“अजून थोडी घट्ट करू का, काका?”

“नको रे. ढिली एकवेळ परवडते, घट्ट नाही. तू बसलास की मागचं चाक वर येतं आणि चेन आपोआप ताणली जाते. तेव्हा जागाच उरली नाही तर गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते ती.”

दोन्हीकडचे बोल्ट पाव-पाव फेऱ्याने सरकतात. स्विंगआर्मवर खुणा आहेत, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास नाही; चाक सरळ आहे का ते चेनच्या रेषेत डोळा लावून बघायचं. शेवटी ॲक्सलचा नट टॉर्क पान्याने, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत. त्या आवाजानंतर आणखी जोर लावणाऱ्या माणसाला काका पुन्हा पाना देत नाहीत.

एवढ्यात शेजारचा मित्र येतो आणि विषय वेगावर जातो. तो जाणारच होता. मित्राने आपल्या स्पोर्ट बाइकचं पुढचं स्प्रॉकेट बदललं आहे, १५ दात्यांच्या जागी १६. हायवेवर इंजिनाचे फेरे कमी होतात, गाडी शांत चालते. मात्र त्याच्या गाडीत वेग गिअरबॉक्सच्या बाजूने मोजला जातो. स्प्रॉकेट बदललेलं मीटरला कळत नाही, आणि गाडी दाखवते त्यापेक्षा पावणेसात टक्के जास्त पळते. काकांच्या गाडीत पुढच्या चाकातून केबल येते, पुतण्याच्या गाडीत चाकावरचा सेन्सर असतो. त्यांना हा घोटाळा होत नाही.

गंमत पुढे आहे. युरोपातल्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतं. म्हणून बहुतेक कंपन्या मीटर मुद्दाम पाच-सात टक्के पुढे ठेवतात. मित्राने २०२ क्रमांकाच्या हायवेवर जीपीएस लावून पाहिलं तेव्हा मीटरवर ६५ आणि जीपीएसवरही जवळपास ६५. कंपनीची चूक आणि याचा बदल यांनी एकमेकांना खाऊन टाकलं होतं. बोर्डावरच्या आकड्यावरून तावातावाने भांडणाऱ्या किती जणांनी आपलं मीटर असं कधी तपासलं असेल?

काकांच्या गाडीचं मीटर तर इतिहासाचा नमुना आहे. तेलटंचाईमुळे अध्यक्ष निक्सन यांनी जानेवारी १९७४ मध्ये साऱ्या देशाला ताशी ५५ मैलांची मर्यादा लावली. पुढे १९७९ च्या सुमारास हुकूम निघाला की स्पीडोमीटरवर ८५ च्या पुढचे आकडे नकोत आणि ५५ उठून दिसला पाहिजे. काकांची गाडी शंभरच्या पुढे सहज जाते. तिच्या तबकडीवर ८५ नंतर काहीच नाही. मीटरवर आकडा नसला म्हणजे माणूस तेवढा वेग घेणार नाही, या कल्पनेला सरकारी भाबडेपणाच म्हणायला हवं. दोन-तीन वर्षांत नियम मागे घेतला गेला, आणि १९९५ मध्ये ५५ ची देशव्यापी मर्यादाही गेली.

आजचे आकडे असे: चँडलरमधून जाणाऱ्या १०१ आणि २०२ या हायवेंवर ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर. गावातल्या मैल-मैल अंतरावरच्या मोठ्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी ४५, म्हणजे ७२. शाळेसमोर रस्त्यात पाटी ठेवलेली असेल तेव्हा १५. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ज्याला दुचाकी घालायची परवानगीच नव्हती, त्याला पहिल्या दिवशी २०२ वर चढताना धडकी भरते.

पुतण्याचं मत: हायवेवर सगळे ७५ ने जात असताना ६५ ला चिकटून राहणं दुचाकीसाठी धोक्याचं, मागून ट्रक अंगावर येतो. त्याला आधारही आहे. मर्यादा ठरवताना अमेरिकेतले वाहतूक अभियंते ८५ टक्के वाहनं ज्या वेगाच्या आत चालतात तो वेग विचारात घेत आले आहेत. म्हणजे चालकांच्या पायालाही मत असतंच. काकांचं मत: पाटी म्हणजे पाटी. यात थोडा व्हिसाचाही भाग आहे. वस्तीत किंवा बाजारपेठेत मर्यादेच्या वीस मैलांहून वर गेलात तर ॲरिझोनात तो साधा दंड राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो, आणि व्हिसाच्या अर्जात गुन्ह्यांबद्दल विचारतात. कॅमेऱ्यांवर मात्र तिघांचंही एकमत, नकोत. या राज्याने २००८ मध्ये हायवेवर वेगाचे कॅमेरे बसवले. एक गृहस्थ माकडाचा मुखवटा घालून गाडी चालवू लागला, लोकांनी नोटिसा केराच्या टोपलीत टाकल्या आणि २०१० मध्ये योजना बंद पडली.

थांबलेल्या गाड्यांच्या मधून दुचाकी पुढे काढणं इथे सप्टेंबर २०२२ पासून कायदेशीर आहे, पण मर्यादा ४५ किंवा कमी असलेल्या रस्त्यावर आणि स्वतः १५ मैलांच्या आत. पुणेकराला जन्मजात येणाऱ्या या कलेला वेगमर्यादा असू शकते, हे पुतण्याला अजून पटलेलं नाही.

वाद मिटवायला काका हॅरी हर्ट यांना बोलावतात. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या संशोधकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल १९८१ चा. अपघाताआधीचा मध्यक वेग निघाला २९.८ मैल, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत त्या वाहनाने मोटरसायकलची वाट अडवलेली होती. “बघा, वेगाचा दोष नाही,” पुतण्या म्हणतो. “बघ, मरण हायवेवर नाही, चौकात आहे,” काका म्हणतात.

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. हायवेवर वाहतुकीच्या ओघात राहण्याचा पुतण्याचा मुद्दा टिकतो. पण ४५ च्या रस्त्यावर समोरून डावीकडे वळू पाहणाऱ्या कारवाल्याला अरुंद दुचाकीचा वेग नीट समजत नाही, आणि ६० ने आलेल्या गाडीची ऊर्जा ४५ च्या पावणेदोन पट असते. तिथे पाटी पाळण्याला पर्याय नाही. त्या रस्त्यावर काकांचंच ऐकावं.

साडेआठला हत्यारं पुसून जागेवर जातात. वापरलेलं तेल डब्यात, ते सुट्या भागांच्या दुकानात परत द्यायचं. सगळ्यात शेवटी टायर. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण या उन्हात रबर नक्षीच्या आधी म्हातारं होतं, म्हणून काका टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मित्राचा पुढचा टायर तेवढाच जुना निघतो आणि त्याची आजची फेरी तिथेच रद्द होते. विदर्भ-मराठवाड्याचं ऊन काही वेगळं नाही. तुमच्या गाडीच्या टायरवरही ते चार आकडे आहेत. पुढच्या लांबच्या फेरीआधी वाचून घ्या.